आठ हजारांत दोघांची मुंबई

प्रश्न : आम्ही दोघे नाशिकला राहतो. लग्नाला तीन वर्षे झाली, पण मुंबईला गेलो ते नेहमी कोणाच्या तरी लग्नाला किंवा इस्पितळात भेटायला. डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार फक्त फिरण्यासाठी जायचे आहे. रेल्वेभाडे सोडून आठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. गेटवे, घारापुरी, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, गोरेगावची चित्रनगरी, मरीन ड्राइव्ह आणि जमल्यास एखादे नाटक, अशी यादी केली आहे. अंधेरीकडे खोल्या स्वस्त मिळतात असे एका मित्राने सांगितले. हे सारे बसेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पैशात बसेल, वेळेत बसणार नाही, आणि वेळेत बसवायला गेलात की पैशातही बसणार नाही. मुंबई दक्षिणोत्तर लांबलचक पसरलेली आहे. इथे पाहण्यासारख्या बहुतेक जागा एक तर फुकट आहेत किंवा तिथले तिकीट किरकोळ आहे. खिसा रिकामा होतो तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यात, आणि दमल्यावर ‘आता टॅक्सीच करू’ म्हणण्यात. म्हणून यादीतून जुहू आणि चित्रनगरी आधीच वगळा. समुद्र मरीन ड्राइव्हलाही आहेच. हाजी अलीही पुढच्या खेपेला ठेवावे, कारण तिथली वाट समुद्रातून जाते आणि भरतीच्या वेळा पाहून दिवस आखावा लागतो.

आता खोलीविषयी, कारण खरा निर्णय तोच आहे. अंधेरीची खोली हजार रुपयांनी स्वस्त पडेलही, पण आपला सारा कार्यक्रम फोर्ट, कुलाबा आणि दादर या पट्ट्यात आहे. रोज दोन्ही वेळा लोकलच्या गर्दीतून जाणे-येणे, त्यात दुपारी तासभर पाठ टेकायला खोलीवर परतण्याची सोय नाही, हा हिशेब मित्राने केलेला दिसत नाही. सीएसएमटी ते फोर्ट या भागात दोघांसाठी साधी, स्वच्छ खोली तीन हजारांच्या आसपास मिळू शकते. मात्र डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, कारण तेव्हा भाव चढलेले असतात. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी लागतो. तो सांगितलेल्या भावात धरला आहे की नाही, खोलीला खिडकी आहे का आणि न्हाणीघर स्वतंत्र आहे का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारावेत. जुन्या इमारतींमधल्या लॉजमध्ये खिडकी ही गृहीत धरण्याची गोष्ट नाही. स्थानकावरच्या रिटायरिंग रूमचाही पर्याय आहे. रेल्वेच्या निश्चित किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन आरक्षित करता येते आणि स्वस्तही पडते. पण शनिवार-रविवारी ती मिळेलच या भरवशावर निघू नये.

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आलात तर दुपार होण्याआधी सीएसएमटीला उतराल. सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून (खोली बाराशिवाय मिळत नाही, पण सामान बहुधा ठेवून घेतात) आधी स्थानकच बाहेरून नीट पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार 1888 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह बसला आहे आणि दुसऱ्यावर वाघ: एक ब्रिटनचा, दुसरा आपला. रोज लाखो लोक त्यांच्या शेजारून पळतात, पण मान वर करून पाहणारा क्वचितच भेटतो.

तिथून हुतात्मा चौकमार्गे ओव्हल मैदानापर्यंत पायीच जावे. मैदानाच्या मधोमध उभे राहिलात की पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर ही एकोणिसाव्या शतकातली गॉथिक रांग दिसते, तर पश्चिमेला 1930 च्या दशकात उभ्या राहिलेल्या, गोलाकार सज्जांच्या आणि खिडक्यांवर भुवईसारखी छज्जी असलेल्या आर्ट डेको इमारती. हा सारा परिसर 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. याला दमडीही लागत नाही. पाय दुखू लागले तर सीएसएमटी ते नरिमन पॉइंट अशी विजेवर चालणारी डबलडेकर बस आहे. बेस्टच्या वातानुकूलित बसचे किमान भाडे 2025 च्या भाडेवाढीनंतर 12 रुपये झाले आहे. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर हीच आपली पर्यटन-बस समजा. या भागात रिक्षा शोधू नका, ती शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला येत नाही.

संध्याकाळ दादरला द्यावी. ‘मेट्रो-3’ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून थेट कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे सीएसएमटीहून सिद्धिविनायक आणि पुढच्याच स्थानकावर दादर, हा प्रवास आता घाम न गाळता होतो. शनिवारी देवळात रांग असते, तरी मंगळवारच्या मानाने ती काहीच नाही. तास-सव्वा तास हाताशी ठेवावा. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष घ्यावे, किंवा आस्वादमध्ये मिसळ. टेबल दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्यावे लागले तर संकोच करू नये, इथली तीच रीत आहे. मग शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक. माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिराचाही पर्याय ठेवा आणि वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती पाहून त्या आठवड्यात ठरवा. बाल्कनीची तिकिटे स्वस्त असतात आणि आवाज तिथेही चांगला पोहोचतो. माझ्या मते यादीतली ‘जमल्यास’ म्हणून लिहिलेली ही गोष्टच सर्वांत आधी निश्चित करायला हवी होती. प्रयोग सुटल्यावर परतीच्या लोकल मध्यरात्रीपर्यंत असतात.

रविवारी उजाडताच मरीन ड्राइव्ह. त्या वेळी फोर्ट निर्मनुष्य असतो, चालायला त्याहून चांगली वेळ नाही. परतताना धोबीतलावला कयानीमध्ये, म्हणजे 1904 पासूनच्या इराण्याकडे, ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि चहा. नंतर घारापुरीच्या लेण्यांसाठी गेटवेहून नऊच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या बोटींपैकी एक पकडावी. तासाभराचा प्रवास आहे. जाऊन-येऊन माणशी अडीचशे-तीनशे रुपये धरा, लेण्यांचे तिकीट 40 रुपये. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा मुक्काम लांबवून हे दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. वरच्या पायऱ्यांवर माकडे आहेत, खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये. सगळे जण भव्य त्रिमूर्तीपुढे छायाचित्र काढून परततात. आपण दोघांनी ‘कल्याणसुंदर’ हे शिव-पार्वतीच्या विवाहाचे शिल्प शोधून पाहावे. मोडतोड पुष्कळ झाली आहे, तरी शिवाच्या उजव्या बाजूस उभ्या असलेल्या पार्वतीचा संकोच दगडातही कळतो.

दुपारी दोनपर्यंत परत आलात की जेवण, खोलीवरून सामान आणि संध्याकाळची गाडी. रविवारी अकरा ते चारच्या सुमारास बहुधा लोकलच्या कुठल्या ना कुठल्या मार्गावर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. हा दिवस पायी आणि बोटीने आखण्याचे कारण तेच.

हिशेब असा धरा : खोली करासह 3,150, दोन दिवसांचे खाणे 2,200, बस-मेट्रो-लोकल आणि एखादी टॅक्सी मिळून 500, नाटक 800, घारापुरी 700. एकूण 7,350. उरलेले 650 खर्च करण्याची घाई करू नका. नाटकाचे तिकीट महाग निघाले किंवा दुपारच्या जेवणाला सुरमई मागवावीशी वाटली, तर तेच कामी येतील.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे. लग्नाच्या वाढदिवसाला एक रात्र मुंबईतच हॉटेलात राहावे असे मला वाटते. ‘घर असताना खोलीचे पैसे कशाला?’ असे सासूबाई म्हणतात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंना उत्तर देणे या सदराच्या कक्षेबाहेरचे आहे. आपल्यापुरती अडचण वेगळीच आहे. मुंबईतली काही छोटी हॉटेले ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणून मुंबई-ठाण्याच्या पत्त्यावरच्या जोडप्यांना दारातूनच परत पाठवतात. कायद्यात अशी बंदी नाही, तो त्या त्या हॉटेलाचा नियम असतो. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी फोन करून स्पष्ट विचारावे आणि होकार संदेशाने लेखी घ्यावा. दोघांचीही मूळ ओळखपत्रे जवळ असू द्यावीत. वाढदिवस आठवड्याच्या मधल्या वारी येत असेल तर पुढच्या शनिवारची वाट न पाहता त्याच दिवशी जावे, कारण तेव्हा खोलीचा भाव बहुधा कमी असतो आणि नऊवारी-पैठणी सांभाळत शनिवारच्या लोकलमध्ये चढावे लागत नाही.