जिवाणू वापरून शेतातलं नायट्रेट मोजता येईल का? (बारामती, पुणे जिल्हा, ऊस)

प्रयोगशाळेत येतं. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूमध्ये नायट्रेट दिसताच सुरू होणारा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) मुळातच असतो. त्याला जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक जोडला, की नायट्रेट वाढेल तशी चमक वाढते, अर्थात एका मर्यादेपर्यंतच. स्फुरदाचं उलटं: फॉस्फेट (स्फुरदाचं पिकाला घेता येणारं रूप) कमी पडलं की ई. कोलायचं 'फो-बी' प्रथिन काही जनुकं चालू करतं; त्यांच्या प्रमोटरला तोच चमकणारा जनुक जोडला, की चमक दिसली म्हणजे टंचाई. मला हा सेन्सर जास्त कामाचा वाटतो, कारण चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद असूनही पिकाला मिळत नाही.

पण गढूळ मातीत चमक मोजता येत नाही, गाळलेला अर्कच लागतो. शिवाय जनुक बदललेले जिवाणू शेतात सोडायला १९८९च्या नियमांनुसार केंद्राची परवानगी लागते. तोवर लागणीआधी माती परीक्षण करून घ्याच. नमुना बांधाजवळचा किंवा शेणखताच्या ढिगाखालचा नको.