कॅमेरा राहू दे, आधी चॅनेल कुणाचं ते बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. दोन सीझन गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह करतोयस, फायनलला हजार-बाराशे लोक येतात आणि पुढच्या गावात गेलास की परत तीस-चाळीस. म्हणून नवा कॅमेरा घेऊ का, असा तुझा प्रश्न. वर सगळ्यांनी कॅमेऱ्याचीच उत्तरं दिलीत. पण तू मध्येच लिहून गेलायस, 'ज्या मंडळाची स्पर्धा, त्यांच्याच चॅनेलवर लाइव्ह देतो.' ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी हेच तीन सीझन केलंय.

ओबीएस (लाइव्हचं सॉफ्टवेअर), बिटरेट, स्क्रीनवरची स्कोअरची पट्टी यावर बोलत नाही, तुला ते येत असणार. घरात बसून गेम खेळत लाइव्ह करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यातलं मला कळत नाही. मी फक्त मैदानावरचं सांगतो.

मी चिपळूणकडचा. २०१८ च्या दिवाळीनंतर सुरुवात केली. आयोजक म्हणायचे, 'चॅनेल आमचंच काढू, मंडळाचं नाव होईल.' मला दिवसाचे पैसे मिळत होते, मी मान डोलवायचो. मग वाडीतल्या ज्या पोराला मोबाइलमधलं जास्त कळतं, त्याच्या फोनवर नवं जीमेल, नवं चॅनेल. नव्या चॅनेलला लाइव्ह चालू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो, हे एकदा स्पर्धेच्या सकाळी आठवलं आणि पहिला दिवस तसाच गेला. शिव्या मी खाल्ल्या. तीन सीझनमध्ये अशी अकरा चॅनेलं झाली.

२०२० च्या फेब्रुवारीत एका गावात प्रकाशझोतातली फायनल होती. शेवटच्या षटकात चौदा हव्या होत्या. लाइव्हला चार हजारांच्या आसपास माणसं, निम्मी मुंबईची चाकरमानी. एकजण कुवेतवरून नाइट शिफ्टमध्ये बघत होता आणि दर चेंडूला चॅटमध्ये गावदेवीचं नाव लिहीत होता. त्या एका रात्रीत त्या चॅनेलला दोन हजारांवर सबस्क्रायबर वाढले. माझ्या पदरात एक दिवसाची मजुरी, तीही अर्धीच. बाकीची 'सांगता झाल्यावर बघू' म्हणाले.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, स्पर्धा बंद. ज्याच्या फोनवर ते चॅनेल होतं तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला. जाण्याआधी त्याच चॅनेलवर हळदीचे डीजेवाले व्हिडिओ टाकत बसला होता. दुसऱ्याची गाणी वापरली म्हणून ९० दिवसांत यूट्यूबचे तीन कॉपीराइट स्ट्राइक बसले आणि चॅनेल उडालं. माझी ती फायनलही गेली. मंडळाकडे चार खेपा घातल्या. तोवर पदाधिकारी बदललेले. नवे म्हणाले, 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही, पोराला विचार.' पोरगा म्हणाला, 'दादा, ते जीमेलच लागत नाही, तो नंबर बंद झाला.' स्पर्धेच्या बॅनरवर सतरा जणांचे फोटो होते, अगदी पाण्याचा टँकर देणाऱ्याचाही. लाइव्ह करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. असो. ते पैसे आजही यायचेत.

पैशापेक्षा दुसरंच लागलं. पुढे एका दुकानदाराने जाहिरात द्यायची म्हणून विचारलं, 'तुझं काम दाखव.' माझ्याकडे पाठवायला एक लिंक नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं. पहिल्या सामन्याला नऊ प्रेक्षक, त्यातले दोन माझेच फोन.

तुझा हजारचा आकडा पुढच्या गावात तीसवर येतो तो याच कारणाने. तू प्रेक्षक जमवतोस आणि दर पंधरा दिवसांनी दुसऱ्याच्या दारात सोडून येतोस. जाहिरातीच्या पैशासाठी यूट्यूबला १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत लोकांनी बघितलेले ४००० तास लागतात. मंडळाने व्हिडिओ डिलीट किंवा प्रायव्हेट केला की त्याचे तास धरत नाहीत. म्हणजे तू मोजत असशील तेही तुझ्या हातात नाही.

आता माझी अट अशी असते: लाइव्ह माझ्या चॅनेलवर. शीर्षकात आणि थंबनेलवर मंडळाचं नाव मोठं, आणि सगळं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर देईन. दोन मंडळांनी नाही म्हटलं, त्यातलं एक पुढच्या वर्षी परत आलं. माझ्या मते काम सुटलं तरी चालेल, पण परक्या चॅनेलवर जाऊ नये. मात्र माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे म्हणून मला नाही म्हणता येतं. तुझं घर यावर चालत असेल तर हे जसंच्या तसं घेऊ नकोस. निदान ब्रँड अकाउंट (एकच चॅनेल अनेकांना आपापल्या जीमेलवरून सांभाळता येतं ते) काढायला लाव आणि स्वतःला ओनर करून घे. प्रायमरी ओनर, म्हणजे मुख्य मालक, व्हायला सात दिवस थांबावं लागतं, म्हणून बोलणं स्पर्धेच्या आदल्या रात्री नको, ॲडव्हान्स घेतानाच कर.

माझी माणसं वाढली ती लॉट्समुळे. स्पर्धेआधी कुणाचा सामना कुणाशी ते ठरवायला लॉट्स, म्हणजे चिठ्ठ्या, पाडतात ना, ते लाइव्ह करायला लागलो. मंडळाच्या ओट्यावर चिठ्ठ्यांचा डबा, एक लहान पोर चिठ्ठी काढतंय, बस. चित्र काय धड नसतं. पण प्रत्येक संघाचा कॅप्टन बघतो, त्याची पोरं बघतात आणि तिथल्या तिथे सबस्क्राइब करतात, कारण त्यांचा सामना इथेच दिसणार असतो. लॉट्स संपले की पहिल्या दिवसाच्या लाइव्हची लिंक त्याच रात्री शेड्यूल करून प्रत्येक कॅप्टनला पाठवतो. वाडीच्या ग्रुपवर तो टाकतो, मी नाही. मी टाकली तर जाहिरात, त्याने टाकली तर आमंत्रण.

दुसरं म्हणजे नावं. आपला प्रेक्षक क्रिकेट बघायला येत नाही, स्वतःचा माणूस बघायला येतो. पट्टीवर आडनाव चुकलं तर चॅटमध्ये फाडून खातात, आणि बरोबर करतात. समालोचकाला वाड्यांची यादी लिहून दे. संघ पहिल्याच फेरीत हरला की त्याचे प्रेक्षक उठून जातात, त्यांना जाता जाता सांगायचं की शेजारच्या वाडीचा सामना साडेतीनला आहे. त्याने थोडे थांबतात. सगळे नाही.

डीजेला सामना चालू असताना फिल्मी गाणी लावू देऊ नकोस. चौकार गेला की तो बटण दाबतोच. यूट्यूब लाइव्ह चालू असतानाही तपासतं, आणि गाणं पकडलं तर ऐन सामन्यात चित्राच्या जागी पाटी येते. डीजेवाले ऐकत नाहीत, मी समालोचकाच्या मिक्सरमधून थेट लाइन घेतो आणि मैदानाचा माइक बारीक ठेवतो. गाणं तरी थोडं शिरतंच.

आणि सकाळी आठ ते रात्री दहा एकच लाइव्ह चालवू नकोस. बारा तासांच्या वर गेलं की यूट्यूब ते आपोआप साठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत बंद करून दुसरं चालू कर. दुपारी जिंकलेला संघ रात्री घरी जाऊन व्हिडिओ शोधतो, तेव्हा तो सापडला पाहिजे.

२०२४ मध्ये ठाण्यात दादोजी कोंडदेव मैदानावर आयएसपीएल (टेनिस बॉलची मोठी लीग) झाल्यापासून तर चांगला खेळणारा प्रत्येक पोरगा आपल्या खेळाची लिंक मागतो. तो ती चार ठिकाणी पाठवतो. लिंक तुझ्या चॅनेलची असली तर बरं.

कॅमेऱ्याचं विचारलंस म्हणून: आहे तोच ठेव. तुझी फायनलची अडचण वेगळी असणार. दुपारी नेट झकास चालतं आणि संध्याकाळी दोन हजार माणसं मैदानात आली की सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर, अपलोड बसतं. दोन कंपन्यांची सिम ठेवूनही माझं बसलंय. मैदानालगत कुणाकडे फायबरचं नेट आहे का ते आदल्या दिवशी फिरून बघ, चहापाण्याला काहीतरी दे आणि लॅन केबल ओढ. १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, त्यापुढे मध्ये नेटवर्क स्विच लाव. रस्ता ओलांडायचा असेल तर वरून ने. आमची एकदा ट्रॅक्टरखाली गेली, सेमीफायनलच्या तिसऱ्या षटकात.