झोला वाचायला सुरुवात करताना
फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाच्या वीस कादंबऱ्यांच्या मालिकेला हात घालण्याआधी तुम्ही त्याची १८६७ मधली ‘तेरेझ राकँ’ ही कादंबरी वाचावी, असे मला मनापासून वाटते. पहिले पान घाईने उलटू नका: पॅरिसमधली ती तीस पावले लांब आणि जेमतेम दोन पावले रुंद गल्ली, झिजलेल्या पिवळट फरश्यांतून सदैव पाझरणारी ओल आणि वर काजळी धरलेले काचेचे छत, हे निव्वळ नेपथ्य नसून पुढच्या खुनाची कोंदट हवा तिथूनच साचू लागते. आपल्याला स्वभावांपेक्षा शारीर प्रकृतींचा अभ्यास करायचा होता, असे सांगणारी झोलाची दुसऱ्या आवृत्तीतली १८६८ ची प्रस्तावना मात्र कादंबरी संपल्यावरच वाचावी. उत्तरार्धात भीतीची पुनरुक्ती जाणवते, तरी पक्षाघाताने जखडलेल्या मादाम राकँचे (तेरेझच्या सासूचे) केवळ डोळे जिथे बोलतात, ती प्रकरणे सावकाश वाचा.