पहिल्यांदाच गाडीने कोकणात निघालात? मग जेवणाचं एवढं सांभाळा

मुंबई-गोवा महामार्गावर नवखी मंडळी हमखास एक चूक करतात. ‘अजून थोडं पुढे जाऊ’ म्हणत भूक ताणतात. मग अडीच वाजता पोरं रडकुंडीला येतात आणि दिसेल त्या हॉटेलात शिरावं लागतं. तुम्ही पहाटे पाचला निघताय ना? न्याहारी माणगावच्या आसपास करा आणि भूक लागायच्या आधीच चिपळूण-संगमेश्वरच्या पट्ट्यात जेवून घ्या.

जागा निवडताना पाटी नको, गाड्या बघा. बाहेर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीकडच्या गाड्या लागलेल्या असतील तर बिनधास्त आत जा. तिथला माणूस शिळा मासा खपवून घेत नाही.

ऑर्डर देताना:

- ‘आज ताजं काय आलंय?’ हे आधी विचारा. सुरमई-पापलेटचा हट्ट नको, ताजा बांगडा कधीही सरस. आणि नीट शिजलेल्या तुकडीचं मांस काट्यापासून अलगद सुटलं पाहिजे.
- थाळीचा भाव आणि त्यात काय-काय येतं, ते बसल्याबसल्याच विचारून घ्या.
- जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा सरळ कोंबडी-वडे मागवा.

आणि गाडी चालवणाऱ्याने पोटभर भात खायचाच नाही! दोन भाकऱ्या, वाटीभर सोलकढी, बास. पुढच्या वळणांवर डोळा लागणं परवडत नाही. तरी पेंग आलीच तर लाजू नका, गाडी सावलीत लावून वीस मिनिटं झोपा. सावंतवाडी कुठे पळून जात नाही.