ऑपरेशनआधी बाबांचा पीएनआय 39 आलाय, म्हणजे ते फार जगणार नाहीत का?

बाबांच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ पंधरा दिवसांनी काढायची आहे, भावाने मोबाइलवर पीएनआय (रक्ताच्या रिपोर्टवरून पोषणाचा अंदाज देणारा आकडा) काढला तो 39 आला आणि तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ आहे, असे पेशंट रोज बघते.

आधी हा आकडा कसा आला ते बघा. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) गुणिले 10, अधिक लिम्फोसाइटची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) संख्या गुणिले 0.005. बाबांचं अल्ब्युमिन 3.2, लिम्फोसाइट 1,400. म्हणजे 32 अधिक 7. बस, एवढंच. जपानच्या ओनोदेरांनी 1984 मध्ये हे सूत्र पोट-आतड्यांच्या ऑपरेशनसाठी मांडलं, लिव्हर कॅन्सरला ते नंतर लावलं गेलं. शेकडो पेशंट एकत्र पाहिले की पीएनआय कमी असणाऱ्यांचं आयुर्मान कमी दिसतं, हे खरं. पण त्यावरून एकट्या बाबांचं सांगता येत नाही. गाठी किती, केवढ्या, रक्तवाहिनीत शिरल्यात का, उरलेलं लिव्हर कसं आहे, हे सगळं त्यात धरावं लागतं.

शिवाय अल्ब्युमिन लिव्हरच बनवतं. ते सिरॉसिसने (लिव्हर कडक, निबर होण्याने) घटतं, शरीरात दाह किंवा इन्फेक्शन असलं तरी घटतं. म्हणून अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवून आकडा वाढवायच्या मागे लागू नका. पोटात पाणी वगैरे असेल तर डॉक्टर देतात, ते कारण वेगळं.

खाण्याचा भाग मात्र आपल्या हातात आहे. मागे एक काका आले होते. 'लिव्हरचं पथ्य' म्हणून दोन महिने नुसती पेज. डाळ नाही, अंडं नाही. दंडाची कातडी सैल लोंबत होती, पलंगाचा कठडा धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. काकू मनापासून करत होत्या हो, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सिरॉसिस असला तरी वजनाच्या किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. पेजेतून ती कुठून मिळणार? आणि अशा लिव्हरमध्ये साखरेचा साठा थोडा असतो, त्यामुळे रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायू मोडायला लागतं.

उद्या सर्जनना विचारा: सिरॉसिस आहे का, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) किती, आणि आहारतज्ज्ञांना कधी भेटायचं? डायबेटिस असेल तर तेही सांगा. डॉक्टरांनी दूध बंद केलं नसेल तर आज झोपताना बाबांना दूध-पोळी कुस्करून द्या.