शेऱ्याला सांगितलेल्या गोष्टी

"ताई, हे माझ्याशी बोलतच नाहीत."

गेल्या पावसाळ्यापासून हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याच्या पुढचं वाक्यही मला आधीच ऐकू येतं. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली असतात. नवरा पीत नाही, हात उचलत नाही, पैसा उडवत नाही. माहेरी सांगावं तर आई म्हणते, "मारत नाही ना? मग?" त्यामुळे ही मुलगी डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात येते. तपासणीत काही निघत नाही, आणि मग सिस्टर तिला माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, खोलीत पाठवतात.

त्यांच्यातल्या एकीची गोष्ट इथे सांगते आहे. दोघांना विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कुत्र्याचं नाव तेवढं खरं ठेवलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं काळ्या मातीचं गाव. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, मधे तुरीचे तास म्हणजे ओळी, विहिरीच्या ओलितावर थोडा हरभरा. ती बी.ए. झालेली, लग्नाला अडीच वर्षं झालेली, घरात सासू-सासरे. पहिल्या भेटीत ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि मग एकदम म्हणाली, "बोलत नाहीत असं नाही. कुत्र्याशी बोलतात."

तिनं सांगितलं ते असं. तो रात्री जागलीला, म्हणजे पीक राखायला, वावरात जातो. दिवाळीनंतर रानडुकरं आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत वावर साफ करतात, त्यामुळे जागल चुकत नाही. सकाळी घरी येतो, सपरीत म्हणजे घरापुढच्या पडवीत बसतो, शेऱ्या त्याच्या पायाशी. मग सुरू. "आज भाजी झकास झाली बे शेऱ्या." "तुरीले फूल धरलं बे." "पाय लय दुखून रायला आज." ती आत चुलीपाशी. तिच्याशी मात्र "चहा" आणि "पाणी", एवढंच.

"कुत्र्यापेक्षा मी कमी आहे का, ताई?" असं म्हणून ती रडली.

इथे वाचणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवते. आपल्या भागात शेतकऱ्याचं गप्प होणं मी कधीच साधं समजत नाही. म्हणून त्या दिवशी तिचे डोळे पुसून होण्याआधीच मी विचारलं, जेवतात का नीट? झोप? कर्ज किती, तगादा कोणाचा? फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय? माणूस सगळ्यांशीच बोलणं तोडतो, जेवण टाळतो, "माझ्यामागे तुमचं कसं होईल" अशा गोष्टी काढतो, तेव्हा नवरा-बायकोचा संवाद वगैरे बाजूला ठेवायचा आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. जाणं शक्य नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे पुढचं काहीही लागू नाही, तिथे आधी १८१, महिलांची मदतवाहिनी.

या घरात तसं काही नव्हतं. कर्ज होतं, पण सोसायटीचं, आणि त्याचा हप्ता त्याला पाठ होता. शिवाय जो माणूस रोज सकाळी कुत्र्याला तुरीचं फूल सांगतो, त्याच्या आतलं बोलणं आटलेलं नाही, एवढं मला दिसत होतं. ते जातंय कुठे, हे शोधायचं होतं.

दुसऱ्या खेपेला ती त्याला घेऊन आली. वेचणीचे दिवस, त्यामुळे तो घाईत. खुर्चीच्या अगदी काठावर बसला. मी संसाराचं काहीच काढलं नाही, विचारलं, "भाऊ, शेऱ्या कसा आहे?"

माणूस खुलला. शेऱ्या दीड महिन्याचा असताना धुऱ्यावर म्हणजे बांधावर कसा सापडला, पहिल्या वर्षी डुकरानं त्याची मांडी कशी फाडली, हा त्याला पोत्यात गुंडाळून गाडीवर पशुवैद्यकीय दवाखान्यात कसा घेऊन गेला, रेबीजची लस दर वर्षी न चुकता कशी देतो. रोही आला की नुसतं भुंकत नाही, वळसा घालून मागून जातो, हे सांगताना त्यानं हातानं वावराचा नकाशा काढला. ती शेजारी बसून ऐकत होती. यातलं निम्मं तिनं पहिल्यांदा ऐकलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग मी विचारलं, "रात्रभर वावरात तुम्ही दोघंच. काय काय बोलता त्याच्याशी?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वावरात? वावरात कायले बोलीन त्याच्याशी? कुत्रं हाय ते, ताई. त्याले काय समजते?"

"एक शब्द नाही?"

"छू म्हणतो. ये म्हणतो. बस."

"आणि घरी?"

तो थांबला. मीही थांबले. त्या क्षणी समजावून सांगण्याचा मोह फार होतो आणि तो आवरण्यातच आमचं बरंचसं काम असतं, असं इतक्या वर्षांनंतर मला वाटतं. खोलीत पंखा फिरत होता. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. तिनं हळूहळू मान वर केली.

"म्हणजे ते मले होतं?"

तो काही बोलला नाही.

"तुरीचं फूल? पाय दुखून रायले म्हणत होते ते?"

"मंग कोणाले?" तो चपलांनाच म्हणाला.

त्या दिवशी त्या दोघांनी माझ्यासमोर अडीच वर्षांचा हिशेब लावला. दर बुधवारी तो शेऱ्याला विचारायचा, "उद्या बाजार हाय बे, काय आणाचं?" आणि आतून उत्तर यायची वाट बघायचा. उत्तर यायचं नाही. तो भाजी घेऊन परत यायचा आणि समजायचा, हिला माझ्याकडून काही नको आहे. ती आत बसून समजायची, कुत्र्याला विचारतात, मला नाही. तिचंही तसंच निघालं. भाकरीचा तुकडा टाकताना ती शेऱ्याला म्हणायची, "ये बाबा, तुले तरी माही आठवण येते." तो सपरीत ऐकायचा. दोघंही एकमेकांचं सगळं ऐकत होते, आणि माझ्याशी कोणी बोलत नाही म्हणून झुरत होते.

मी घरी जाताना बसमध्ये त्याच प्रश्नाचा विचार करत होते. वावरात काय बोलता, हे विचारायचं मी ठरवून गेले नव्हते. पण मला नेहमीच वाटत आलं आहे की माणूस काय बोलतो यापेक्षा तो ते कुठे आणि कोणाच्या कानावर जाईल अशा बेतानं बोलतो, हे पाहावं. माणसाच्या मनात फार खोल उतरण्याआधी त्याच्या घराची रचना बघावी, या मताची मी आहे.

पुढच्या भेटीत तो एकटा आला. मी विचारलं, कुत्र्याच्या आडून कशाला? बराच वेळ गेला. मग म्हणाला, "शेऱ्यानं नाही आयकलं त काही वाटत नाही, ताई. तिनं नाही आयकलं त..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. तीन वर्षं मुली बघून झाल्यावर त्याचं जमलं होतं. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आज गावोगाव लोक कचरतात, हे काही लपलेलं नाही. तिच्या घरी आधी दोन नोकरीवाली स्थळं येऊन गेली होती, हे त्याला माहीत होतं. आपण तिसरे, हे त्याच्या मनातून एक दिवसही गेलं नव्हतं. थेट बोललं की थेट उत्तर येऊ शकतं. ते त्याला नको होतं.

आणि सासूबाई? त्या बी.पी.ची गोळी न्यायला आल्या असताना मीच त्यांना बसवलं. मनात एक तयार चित्र होतं, जुन्या वळणाची सासू, सुनेनं नवऱ्याशी बोललेलं न खपणारी. ते चित्र त्यांनी दोन वाक्यांत पुसलं. "बोलाले काय झालं? आमी तं वावरातच बोलत होतो, बाई. निंदता निंदता. घरी माहा सासरा सपरीत बसे, तिथं कुठची सोय!"

त्यांना कदाचित वाटलं असेल की त्या जुन्या आठवणी सांगताहेत. मला मात्र पुढचा सगळा रस्ता दिसला. लग्न जमवताना मुलीकडच्यांनी अट घातली होती, आमची पोरगी शिकलेली आहे, तिला वावरात लावायचं नाही. अट मायेची होती, या घरानं ती मानानं पाळली. पण दोन खोल्या आणि एका सपरीच्या घरात नवरा-बायकोला एकांत मिळण्याची जागाच वावर होती. सासूच्या पिढीचे कष्ट फार होते, त्यांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण पिकाच्या एका ओळीत तो, शेजारच्या ओळीत ती, आणि मधे बोलणं, हे त्यांना मिळालं होतं. सुनेला सावली मिळाली आणि ती जागा गेली. रात्री तो जागलीला, सकाळी सपरीत वडील. मग बोलणार कुठून? मधे एक कुत्रं होतं, त्याच्या पाठीवर दोघांनी आपापली ओझी ठेवली.

आडून बोलणं हा आपल्याकडे काही दोष नव्हे. बायकांनी जात्याला सांगितलं, नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंफून घेतलं. आजही कितीतरी घरांत बायको लेकराला म्हणते, "बाबाले सांग जेवाले या." त्यामुळे "उद्यापासून समोरासमोर बसून मन मोकळं करा" असा सल्ला मी देत नाही. चार भिंतींत चार माणसं असताना ते कोणाला जमत नाही, आणि जमलं नाही की दोघांना वाटतं आपलं लग्नच फसलं.

मी त्यांना एवढंच सुचवलं, आठवड्यातून तीनदा संध्याकाळी डबा तिनं वावरात न्यावा. कामाला नाही, डबा द्यायला. सासूबाईंनीच सासऱ्यांना पटवलं. अंधार पडायच्या आत तो तिला गाडीवर घरी सोडणार आणि परत जागलीला जाणार.

पहिल्या आठवड्यात दोघं धुऱ्यावर बसून शेऱ्याकडे बघत जेवले. दुसऱ्या आठवड्यात तिनं एक गोष्ट केली, जी मी तिला सांगून ठेवली होती. सकाळी सपरीतून आवाज आला, "उद्या बाजार हाय बे शेऱ्या." तिनं आतूनच उत्तर दिलं, "रताळे आणा." तिकडे बराच वेळ शांतता. मग, "किती?"

तिसऱ्या आठवड्यात त्यांचं भांडण झालं. ती घाबरून माझ्याकडे आली, "ताई, सगळं बिघडलं." तिला अंगणवाडीची जागा निघाली की अर्ज करायचा होता, त्याला वाटलं ही घरातून निघायच्या वाटा शोधतेय. दोन स्थळांची गोष्टही त्याच संध्याकाळी निघाली. तिनं त्याला सुनावलं, "दोन्हीले मीच नाही म्हटलं होतं. विचारलं कधी तुमी?" मी तिला विचारलं, भांडताना शेऱ्या कुठे होता? ती आठवत राहिली. मग म्हणाली, "ध्यानातच नाही आलं."

मला त्या आठवड्यात फार बरं वाटलं.

ज्यांच्या घरात हेच चाललं आहे त्यांनी आधी आपला शेऱ्या कोण, ते पाहावं. कुठे कुत्रं असतं, कुठे सासू, कुठे मोबाईल, आणि सर्वांत जास्त घरांत लेकरू. मरे बोवेन नावाचे एक अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ होते. १९५४ ते १९५९ या काळात त्यांनी एका संशोधनासाठी रुग्णाबरोबर अख्खी कुटुंबंच रुग्णालयात राहायला आणली आणि त्यांचं वागणं जवळून पाहिलं. दोन माणसांमधला ताण त्यांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मधे ओढतात, हे त्यांचं म्हणणं मी रोज माझ्या खोलीत खरं होताना पाहते. कुत्र्याला ते ओझं कळत नाही. पाच वर्षांच्या पोराला कळतं. आईचा राग बाबांपर्यंत आणि बाबांचा आईपर्यंत पोचवणारं पोर शाळेत पोट दुखतं म्हणून घरी येतं. म्हणून पाळणा हलण्याआधी हे निस्तरलेलं बरं, असं मी या दोघांना स्पष्ट सांगितलं.

तिसऱ्याला हाकलून मात्र देऊ नये. "कुत्रं सोडून या" असा हट्ट तिनं धरला असता तर त्याचा उरलासुरला आवाजही गेला असता. तिसऱ्याला सांगितलेलं वाक्य आपण उचलावं, टोमणा न मारता, जणू आपल्यालाच सांगितलंय असं समजून. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांची अशी बारीकसारीक बोलणी टिपली आणि सहा वर्षांनी ती जोडपी पुन्हा पाहिली. टिकलेल्या संसारांत जोडीदाराच्या साध्या हाकेला १०० पैकी ८६ वेळा ओ मिळाली होती, मोडलेल्यांत ३३ वेळा. हाक मोठी नसते. "तुरीले फूल धरलं" हीच ती हाक.

सुरुवात गाऱ्हाण्यानं करू नये, बातमीनं करावी. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून, काहीतरी निवडताना, सोलताना, गाडीवर मागे बसून बोलावं. नजर टाळता आली की गप्प माणसाला बोलायला सोपं जातं. उत्तर लगेच आलं नाही तर मनात त्याचा अर्थ लावत बसू नये, विचारावं. आणि घरातल्या मोठ्यांना मी सांगते, सांजच्याला अर्धा तास सपरी मोकळी ठेवा, देवळात जाऊन या.

संक्रांतीनंतर दोघं शेवटचे आले. तिचं डोकं दुखणं थांबलं होतं, ते तिनं सांगितलं नाही, मला विचारावं लागलं. बोलणं संपत आलं तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, हिले सांगा ना, अंगणवाडीचा फॉर्म भरताना..."

मी टेबलावरचं रजिस्टर ओढलं आणि मान खाली घालून तारीख लिहू लागले. तो थांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"फॉर्म भरताना मले संगं ने," तो तिला म्हणाला. "झेरॉक्सच्या दुकानात लय गर्दी राहते."