राणी चन्नम्मा विद्यापीठातून बी.कॉम. करून इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जाता येतं का? की पुण्यात खासगी एमबीए करू?

मी त्याच विद्यापीठाचा बी.कॉम., गाव खानापूर तालुक्यात, आणि आज मुंबईत एका छोट्या मर्चंट बँकरकडे, म्हणजे कंपन्यांचे शेअर बाजारात आणून देणाऱ्या संस्थेकडे, आयपीओची कामं करतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

मोठ्या परदेशी बँकांचा नाद सोडा. डील टीमसाठी त्यांची धाव आयआयएम, आयएसबीपर्यंतच. बेंगळूरला त्यांच्या नावाखाली आपल्याला मिळतं ते सेटलमेंट, रिकन्सिलिएशन, केवायसी, म्हणजे व्यवहार झाल्यावरची जुळवाजुळव आणि कागदपत्रं. पगार बरा, पाटी मोठी, काम मात्र वेगळं.

आमच्या थोरल्या काकांचं मत ठरलेलं: "तुझ्या आरसीयूला वेशीबाहेर कोण विचारतंय रे? पुण्याला एमबीए कर, नाहीतर सोसायटीत चिकट." मी सीए धरलं आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, बेळगावातच केली, उद्यमबागच्या फाउंड्र्यांचं ऑडिट करणाऱ्या ऑफिसात. मार्चअखेर स्टॉक मोजायला जायचं. भंगार, पिग आयर्न, आणि नापास झालेल्या कास्टिंगचा ढीग. तो परत भट्टीतच जाणार, मग किंमत कास्टिंगची धरायची की भंगाराची? यावर मालकाशी वाद ठरलेला.

मुंबईत मुलाखतीला माझ्यासमोर एका कास्टिंग कंपनीचे आकडे ठेवले. विक्री वाढलेली, मार्जिन घसरलेलं, का? मी म्हटलं, भंगार महागलं की गाड्यांच्या कंपन्या भाव वाढवून देतात, पण बहुतेकदा पुढच्या तिमाहीत, आणि तोही फक्त कच्च्या मालापुरता. त्यावर नफा कोण देतंय? विक्री फुगते, नफा रुपयांत तेवढाच, मग टक्का घसरणारच. विद्यापीठ कुणी विचारलंच नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "नशीब."

तुम्ही बी.कॉम.ला 55 टक्के काढा, म्हणजे सीए इंटरला थेट प्रवेश आहे. आर्टिकलशिपही आता तीनऐवजी दोनच वर्षं. सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेची पहिली लेव्हल पदवी हातात येण्याआधी देता येते, पण नुसत्या तिच्यावर कुणी बोलवत नाही. सेबीच्या साइटवर डीआरएचपी, म्हणजे आयपीओआधीची कंपन्यांची मसुदा माहितीपत्रकं, फुकट आहेत, ते वाचा. 2012 पासून एसएमई, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांचे, आयपीओ सुरू झाले, आपल्यासारख्यांना दार तिथंच उघडतं. तो इश्यू शंभर टक्के अंडरराइट करावा लागतो, म्हणजे न खपलेले शेअर स्वतः घेण्याची हमी द्यावी लागते, त्यातले किमान 15 टक्के मर्चंट बँकरने स्वतःच्या खात्यावर. म्हणून ताळेबंदातली खोट ओळखणारा माणूस त्यांना हवा असतो.

हां, सुरुवातीचा पगार ऐकून घरचे हसतील. आणि दिवसभर इंग्रजीत मसुदे लिहायचे असतात, मराठी शाळेतून आलेल्याला पहिलं वर्ष जड जातं. एमबीएच करायचं तर महाराष्ट्राच्या सीईटीत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाइप ई' हा वेगळा उमेदवारी प्रकार आहे, दाखले आत्ताच काढून ठेवा. जमनालाल बजाज मिळालं तर माझं वरचं सगळं विसरून जा.

पुण्यातल्या खासगी एमबीएचं मात्र काकांच्या धाकट्याला विचारा. हप्ते तो भरतोय.